तळची ओळ

डॉक्टर म्हणाले, हलती अक्षरं त्याला एवढ्यात वाचता येणार नाहीत.
म्हणून मी वाचते.
पडद्यावर माणसं जपानीत बोलतात,
तळाला इंग्रजी ओळ येते आणि पळते,
ती पळती पकडून मी
गौरेशच्या डाव्या कानात मराठीतून सोडते.
उजव्या कानात अजून शिट्टी वाजते, म्हणतो.

ही मालिका त्यानेच दाखवली मला, चतुर्थीच्या सुट्टीत.
सेइजी नावाचा मुलगा रिकाम्या स्टेशनात जागा होतो.
खिशात एक किल्ली, मनगटावर शाईने लिहिलेला आकडा,
आणि नाव विचारलं की तोंडात नुसती हवा.
दहा भाग बघून झाले होते आमचे.
आता पुन्हा पहिल्यापासून.
तिसऱ्या भागात जिन्यावर सावली हलते
तेव्हा गौरेश माझा हात धरतो,
मागे धरला होता तस्साच,
त्याच सेकंदाला.

सकाळी सहाला पोदेर येतो.
पूर्वी सायकलवर यायचा,
आता मुलाच्या स्कूटरवर मागे बसून,
सळी घातलेला पाय लांब करून.
भोंगा तोच. पोंक्, पोंक्.
गौरेश खाली उतरतो, चार उंडे घेतो,
आणि रोज म्हणतो,
"कायतान, माफ कर. मी बघायला हवं होतं."
कायतान सुटे पैसे मोजतो.
"जालें तें जालें, बाबा," म्हणतो,
आणि वर बाल्कनीकडे बघतो.
बाल्कनीत मी असते.

पंचनाम्यात लिहिलंय:
नरकासुर जाळून परतताना, पहाटे साडेपाच,
डिचोली-साखळी रस्ता, वळण.
चालक गौरेश उसगावकर, वय बावीस.
मागे बहीण, किरकोळ खरचटलेली.
वेळ बरोबर, वळण बरोबर, वयसुद्धा.
फक्त दोघं जागा बदलून बसलीत.

खाणीच्या लाल धुळीत पडल्या पडल्या
तो म्हणाला होता, शुद्धीत होता अजून,
दातांवर रक्त आणि माती,
"लायसन्स माझं आहे. मी चालवत होतो. समजलं?"
मी म्हटलं, समजलं.
मग बांबोळीपर्यंत काहीच बोलला नाही.
अकराव्या दिवशी डोळे उघडले तेव्हा
त्याच्याकडे आईचं नाव होतं, माझं होतं,
कुत्र्याचंसुद्धा होतं.
ती पहाट नव्हती.
त्यानेच मला दिलेलं खोटं
आता त्याला खरं वाटतं.
परत करायचं तरी कुणाला?

काल अकरावा भाग. दोघांनाही नवा.
सेइजी इस्पितळात एका म्हातारीसमोर बसतो.
ती बराच वेळ त्याच्याकडे बघते, मग बोलते.
तळाला ओळ आली:
गाडी तू चालवत नव्हतास.
दोन सेकंद होती.

मी म्हणाले, "ती म्हणते, चहा घे, थंड होतोय."

सेइजी रडायला लागला.
"चहासाठी?" गौरेशने विचारलं.
मी म्हटलं, आठवण आली असेल कुणाची.
आणि तिथून पुढे मी एक वेगळीच गोष्ट रचत गेले,
तिच्यात कुणी काही केलंच नव्हतं
तरी सगळे पावसातून धावत होते,
दारं आपटत होते,
एकमेकांची कॉलर धरून ओरडत होते,
आणि मी हळू आवाजात सांगत होते,
"विचारतोय, जेवलास का. तो म्हणतो, हो."

नावं वर सरकू लागली.
गौरेश उशीला टेकून बसला होता.
"एक विचारू? उसो म्हणजे काय गं?
पहिल्या भागापासून ऐकतोय.
तू कधी 'अरे' म्हणतेस, कधी 'चल काहीतरीच',
आज सेइजी तीनदा म्हणाला
आणि तू तीनदा गप्प."

पुढचा भाग आपोआप लागायला दहा सेकंद असतात,
पडद्याच्या कोपऱ्यात उलटे मोजतात.
नऊ. आठ.
मी रिमोट शोधला. त्याच्या हातात होता.
सहा.
पाचवर त्याने चित्र थांबवलं
आणि डावा कान माझ्याकडे केला.

तळाला ओळ नव्हती.
वाचायला काहीच नव्हतं.